पहिलीच्या अलीकडे, पहिलीच्या पलीकडे : नूतन बाल शिक्षण संघाची वाटचाल

नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ साली भावनगरात झाली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे त्याचे संस्थापक. सहा वर्षांखालच्या मुलाला शिकवायचे म्हणजे काय, असा प्रश्न तेव्हा चांगल्या शिकलेल्या घरांनाही पडत असे. मूल मास्तरांचा मार खाऊन घरी पळून येणार नाही इतके मोठे झाले की त्याला शाळेत घालायचे, तोवर ते आजीचे आणि अंगणाचे, अशी साधी वाटणी होती. संघाने ही वाटणी मोडली. शंभर वर्षांचा हिशेब मांडताना बालवाडी आणि अंगणवाडी ही दोन नावे सर्वांत आधी पुढे येतात, आणि ती यावीतच. मात्र या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला वेगळा वाटतो, आणि लोकांनी तोच सर्वांत कमी उचलला. बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाच्या वाटेत जी भिंत येते, ती पाडण्याचा संघाने प्रयत्न केला. अंगणवाडी सरकारने घेतली. भिंत होती तिथेच राहिली. म्हणून या लेखात बालवाडीइतकेच पहिली-दुसरीबद्दलही बोलायचे आहे.

भावनगरला जमीन तयार होती. नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये तिथे दक्षिणामूर्ती ही संस्था उभी केली होती. गिजुभाई पेशाने वकील. घरात मुलगा जन्माला आला, त्याला कसे शिकवायचे या विचारात असताना मारिया मॉन्टेसरींचे लेखन हाती पडले, आणि पुढे वकिली सुटली ती सुटलीच. दक्षिणामूर्तीत त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. रोमच्या कामगारवस्तीत मॉन्टेसरींनी पहिले बालगृह १९०७ साली उघडले होते, आणि त्या स्वतः भारतात आल्या १९३९ मध्ये. त्या इथे पोचेपर्यंत भावनगरच्या मंडळींनी त्यांची पद्धत वापरून, घासूनपुसून, तिच्यात आपल्या सोयीचे फेरफारही करून ठेवले होते.

यांतला सर्वांत मोठा फेरफार गोष्टींचा. लहान मुलाला आधी खरे जग हाताळू द्यावे, परीकथांनी त्याचा गोंधळ उडवू नये, असा मॉन्टेसरींचा कल. गिजुभाईंना हे पटण्यासारखे नव्हते. ज्या देशात मूल गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही, तिथे बालमंदिरात गोष्टीला बंदी कशी घालणार? त्यांनी लोककथा जमवल्या, मुलांपुढे रंगवून सांगितल्या, मुलांकडून नाटुकली करून घेतली. साधनांची शिस्त मॉन्टेसरींची आणि गोष्ट, गाणे, नाट्य आपल्या मातीचे, अशी सांगड भावनगरात पडली. पुढे संघाच्या प्रत्येक शाळेत ती दिसते. गुजरातेत गिजुभाईंना ‘मूछाळी मा’ म्हणत. मिशा असलेली आई! या बिरुदात थोडी थट्टा आहे आणि बराच आदर.

ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला आल्या. प्रार्थना समाजाच्या वातावरणातल्या केळकर घराण्यात १८९२ साली त्यांचा जन्म. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी, लग्नानंतर अमरावतीचा संसार, १९२१ मध्ये घटस्फोट, मग राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजात नोकरी. एकटी बाई आणि तीही घटस्फोटित, हे त्या काळी लपवून ठेवण्याचे प्रकरण होते. ताराबाईंनी ते लपवले नाही, मिरवलेही नाही. त्या गुजराती शिकल्या, आणि गिजुभाईंच्या बरोबरीने लिहू-बोलू लागल्या. तीन वर्षांत संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे मुखपत्र. संघाचे काम पहिल्यापासून दुहेरी होते. एका हाताने शाळा चालवायची, दुसऱ्या हाताने आई-बाप आणि शिक्षक घडवायचे. मूल बालमंदिरात तीन तास असते, उरलेला दिवस घरी. घरात त्याला धपाटे बसणार असतील तर बालमंदिराचा उपयोग किती, हा त्यामागचा रोकडा हिशेब.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ची आठवण इथे काढायला हवी. हे पुस्तक बालमंदिरावर लिहिलेले असेल असे ते न वाचलेल्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यातला लक्ष्मीशंकर मास्तर शिकवतो प्राथमिक शाळेतल्या चौथीला. वर्ग हातात येताच तो अभ्यासक्रम बाजूला ठेवून गोष्टी सांगत सुटतो, खेळ घेतो, मुलांची नखे-केस पाहतो, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे करतो. बाकीचे मास्तर हसतात आणि परीक्षा जवळ येत जाते. बालशिक्षणाची ही मंडळी प्राथमिक शाळेकडे किती बारकाईने पाहत होती, याचा हा पुरावा. बालमंदिरात फुललेले मूल चौथीपर्यंत कोमेजणार असेल, तर आधीच्या मेहनतीचे काय, हा प्रश्न पहिल्यापासून होता. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. या प्रश्नाची तड ताराबाईंना लावायची होती.

त्या आधीच, १९३२ च्या सुमारास, भावनगर सोडून मुंबईला आल्या होत्या. १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत निघू लागली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही त्याला जोडून होते. दादरची मुले नोकरदारांच्या घरांतली, आया शिकलेल्या किंवा शिकण्याची हौस असलेल्या. त्यामुळे काम झपाट्याने वाढले, नाव झाले, आणि मॉन्टेसरी हा शब्द मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात रुळला. रुळता रुळता तो पातळही झाला. ज्या शाळेत दट्ट्यांची एक पेटी कपाटात कुलूपबंद असे, तीही दारावर मॉन्टेसरीची पाटी लावू लागली. याचा दोष संघाला देता येणार नाही. पण चांगली कल्पना फॅशन झाली की तिचे काय होते, ते दादरने जवळून पाहिले.

दट्ट्यांची पेटी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे, कारण संघाच्या अभ्यासक्रमाचा गाभा तिथे आहे. लाकडाच्या ठोकळ्याला दहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत नेमका बसेल असा एकेक दट्ट्या. मूल सगळे बाहेर काढते आणि पुन्हा लावते. एखादा दट्ट्या मोठ्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि कुठेच मावत नाही. बाईंनी काही बोलायचे नसते. चूक पेटीच दाखवते. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. रंग तोच, आकार तोच, लाकूड तेच. बदलते ते फक्त मोठेपण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मुलाच्या हाताला ती कळू द्यायची, हे इंद्रियशिक्षणाचे सूत्र. त्याच्या अलीकडे जीवनव्यवहार, म्हणजे पाणी न सांडता ओतणे, बटण लावणे, चटई गुंडाळून जागेवर ठेवणे. त्याच्या पलीकडे भाषा आणि अंक. अक्षरेसुद्धा आधी बोटाने : खरखरीत कागदाचे अक्षर, त्यावरून बोट फिरवत त्याचा ध्वनी म्हणायचा. त्यामुळे मूल पुष्कळदा वाचायच्या आधी लिहू लागते.

देवनागरीला ही रीत चांगली मानवते, कारण आपल्याकडे अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. अडते ते ऱ्हस्व इकाराशी. ‘कि’ मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. पहिलीच्या कोणत्याही बाईंना विचारा, त्या लगेच मान हलवतील. जोडाक्षरांचा घाट तर आणखी पुढचा. म्हणजे या पद्धतीने बालमंदिरात सुरू झालेले भाषेचे काम तिथे पुरे होऊच शकत नाही; ते पहिली-दुसरीत त्याच रीतीने चालू राहिले तरच फळाला येते. पण पहिलीत मूल गेले की समोर फळा, हातात पाटी, आणि चाळीस पोरांच्या एका सुरात ‘क कमळाचा’. शहरातल्या मुलाला घरच्या आधाराने हे धकून जाई. गावात नाही. हा प्रश्न संघाला टाळता येईना, असे झाले ते गावात गेल्यावर.

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वर्षाचा तो भाग लक्षात घ्या. गांधीजींच्या मनात नई तालीमचा विस्तार बुनियादी शाळेच्या आधीच्या वयापर्यंत करण्याचा विचार चालू होता, आणि खेड्यातली बालशाळा कशी असावी याचा नमुना कुणीतरी करून दाखवण्याची गरज होती. आणि त्याच महिन्यांत डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला होता. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून तो मराठी वाचकाला परिचित आहे. दोन्ही कामांच्या वाटा निराळ्या, माणसे निराळी, राजकारणही निराळे. पण जमीन तीच, आणि ज्या मुलांचे आई-बाप सावकाराच्या आणि जमीनदाराच्या दारात राबत होते, तीच मुले शाळेबाहेर होती. केंद्राचा इतिहास लिहिताना हा संदर्भ गाळला की बालवाडीत मुले का येत नव्हती, हे कळतच नाही.

बोर्डी तसे मागासलेले गाव नव्हते. १९२० पासून तिथे हायस्कूल होते, आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या माणसाने तिथे शिक्षणाचे वातावरण तयार केले होते. तरी केंद्राची बालवाडी उघडली आणि वस्तीतली गरीब मुले येईनात. बोलावून आणली तर टिकेनात. कुणाला भूक, कुणाच्या अंगावर कपडा नाही, कुणाच्या कडेवर धाकटे भावंड. तेव्हा शिक्षिकाच सकाळी दलित वस्तीत आणि कोळीवाड्यात जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हात-पाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, गाणी, गोष्ट, थोडे साधनांचे काम, आणि निघायचे. ही अंगणवाडी. गावात मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांमधून अंगणवाड्या, असा दुपेडी आराखडा बोर्डीत बसला.

याच काळात अनुताई वाघ आल्या. मोरगावला १९१० मध्ये जन्म, लहानपणी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य. पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षण, चांदवडच्या ग्रामीण शाळेतली नोकरी, मग पुण्याला हुजूरपागेत अध्यापन आणि रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या. हुजूरपागेची पक्की नोकरी सोडून पस्तिशीत कोणी बोर्डीला जातो का, असे नातेवाइकांना वाटले असेल तर नवल नाही. ताराबाई योजना करणाऱ्या, अनुताई ती रोज सकाळी उठून अमलात आणणाऱ्या, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पाड्यावर जाऊन काय जमते आणि काय जमत नाही, हे अनुताईंनी परत येऊन सांगितल्याशिवाय पुढची योजना आकाराला येत नसे. अनुताईंनी काम सांभाळून शिक्षण चालू ठेवले आणि १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. केले.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतीशाळा तिथे होती. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. घोलवडला उतरून वर चढायचे. बोर्डीत निदान गाव होते. इथे घरे विखुरलेली, दोन झोपड्यांमध्ये हाकेचे अंतर. पावसाळ्यात सारे कुटुंब भातलावणीला, पुढे गवत कापायला, त्यानंतर वीटभट्टीवर. सहा-सात वर्षांचे पोर म्हणजे घरचा कामकरी. मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्याला सांभाळते. त्याला शाळेत बोलावणे म्हणजे घरातले एक काम बंद पाडणे. हे आई-बापांना कळत होते. संघाला कळायला वेळ लागला नाही, हे त्याचे श्रेय.

मग शाळेच्या वेळा आणि जागा बदलल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. गुरे चरायला सुटली की मुलांना मोकळा वेळ असतो. लिहायला जमीन आणि काडी पुरते, मोजायला गुरेच समोर असतात. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा. आणि धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर. या सगळ्यांचा मेळ घालून जी रचना झाली, तिचे नाव विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका आवारात.

विकासवाडीचे पहिले कारण सोयीचे होते. ताई प्राथमिक शाळेत बसली असताना कडेवरचे बाळ बाजूच्या पाळणाघरात आणि मधले बालवाडीत. ताईला अधूनमधून बाळ दिसते, बाळाला ताई. आईला दोघांची काळजी नाही. पण सोयीसाठी केलेल्या या मांडणीतून अभ्यासक्रमाचा प्रश्नही सुटू लागला. तीन वर्षांचे मूल जिथे येते, आठ वर्षांचे मूलही तिथेच असते. बालवाडीच्या बाई आणि पहिलीचे शिक्षक एकमेकांना रोज दिसतात, एकमेकांची मुले ओळखतात. पहिलीत जाणे म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या आवाजाच्या माणसापुढे जाऊन बसणे, हे उरत नाही. मूल शेजारच्या ओट्यावर सरकते, इतकेच.

साधनांच्या बाबतीत कोसबाडला जे झाले, त्याबद्दल नेहमी कौतुकाने लिहिले जाते. मॉन्टेसरींची लाकडी साधने महाग, गावात न मिळणारी. त्यांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया, पिसे, काड्या आल्या. पैसे वाचले आणि मुलाला परकेही वाटले नाही. हे खरे आहे. पण एक गोष्ट गमावली, तीही नोंदवायला हवी. नदीतले दोन खडे घेतले तर त्यांचा आकार वेगळा, रंग वेगळा, वजन वेगळे; ‘एका वेळी एकच बदल’ हे गुलाबी मनोऱ्याचे सूत्र खड्यांत पाळता येत नाही. चूक स्वतःच दाखवणारी पेटी शिंपल्यांची होत नाही. त्यामुळे शिक्षिकेवरचा भार वाढतो. काय निवडून मुलापुढे ठेवायचे, कोणते खडे कोणत्या दिवशी, हे तिला ठरवावे लागते. प्रशिक्षित, डोळस शिक्षिका असेल तर टोपलीभर बियांतून इंद्रियशिक्षण, वर्गीकरण, मोजणी सगळे होते. ती नसेल तर उरते फक्त टोपली. पुढच्या काळात देशभर नुसत्याच टोपल्या पोचल्या, हे ठाऊक असल्यामुळे मी हे मुद्दाम लिहितो आहे.

पण भिंत ओलांडायला मदत केली ती याच साध्या साहित्याने. काड्या घ्या. बालवाडीत मूल त्या लांब-आखूड लावते. पहिलीत त्याच काड्या मोजते. दुसरीत दहा-दहाच्या जुड्या बांधते. सुट्ट्या काड्या दहा झाल्या की नवी जुडी बांधायची, हाच हातचा. हातच्याची बेरीज ज्याने जुडी बांधून केली आहे, त्याला ‘एक हातचा आला’ हा बाईंच्या तोंडचा मंत्र वाटत नाही. भाषेतही तसेच. मूल बालवाडीत स्वतःच्या बोलीत गोष्ट सांगते, बाई ती ऐकून घेतात. पुढे तीच गोष्ट लिहायला घेतली तर वाचनपाठ तयार. वारली मुलाच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत जे अंतर आहे, ते पहिलीच्या पहिल्या दिवशी उडी मारून पार करायला लावणे हा निव्वळ अन्याय. त्या अंतरावर चार-पाच वर्षांची वाट बांधायला हवी, आणि ती वाट बालवाडीत सुरू होऊन दुसरी-तिसरीपर्यंत यायला हवी. विकासवाडीच्या कल्पनेचे सार माझ्या दृष्टीने हे आहे.

स्वच्छतेबद्दल थोडे. अंघोळ, नखे, केस हा केंद्राच्या दिनक्रमाचा ठळक भाग होता. आजची पिढी त्याकडे जरा संशयाने पाहते, आणि अगदी विनाकारण नाही. शहरी मध्यमवर्गाच्या नजरेने आदिवासी मुलाला धुऊन काढायचे, हा सूर अशा कामात सहज शिरतो. वारली घराचे सारवण, भिंतीवरचा लग्नचौक, तारप्यावरचा नाच पाहिलेल्याला त्या घरात स्वच्छता आणि सौंदर्य शिकवायला जावे असे वाटणार नाही. पण खरूज आणि डोळ्यांचे आजार होते, आणि खरूज झालेले मूल साधनाला हात लावायला तयार होत नाही. अनुताईंसारखी बाई रोज त्या मुलांना न्हाऊ घालत होती ते उपदेशासाठी नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

केंद्राचे तितकेच मोठे काम म्हणजे बालसेविकांचे प्रशिक्षण. बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गावोगावच्या, बेताचे शिकलेल्या बायका येत, राहत, बालवाडीत प्रत्यक्ष काम करत शिकत आणि आपापल्या गावी परतत. दादरच्या अध्यापन मंदिराचे हे ग्रामीण रूप. दादरच्या शिक्षिकेला साधने वापरायला शिकवायचे होते. कोसबाडच्या बालसेविकेला साधने शोधायला शिकवावे लागले. दुसरे जास्त अवघड, आणि त्याचे पुस्तक करणेही अवघड.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, आणि १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. बोर्डीच्या कोळीवाड्यातले नाव देशभर झाले. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य-पोषणाचे शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. या यादीत शेवटची सेवा बहुतेक ठिकाणी शेवटचीच राहिली. कुपोषण समोर असताना आहाराला प्राधान्य मिळणे समजण्यासारखे आहे. अंगणवाडीताईच्या डोक्यावर नोंदवह्यांचा ढीग असताना गोष्ट सांगायला वेळ कुठून येणार, हेही. पण मूळ अंगणवाडीत गोष्ट आणि गाणे मध्यभागी होते. शिवाय अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे गेली, प्राथमिक शाळा शिक्षण खात्याकडे. कोसबाडने ज्या दोन गोष्टी एका आवारात आणल्या होत्या, त्या दोन खात्यांत विभागल्या गेल्या. भिंतीला सरकारी शिक्का बसला.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. प्राथमिक शाळा, बालसेविकांचे वर्ग, डहाणूला मूकबधिर मुलांची शाळा, लेखन, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन, असे त्यांचे काम वाढत गेले. १९८२ मध्ये त्या आणि प्रा. रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यातल्या ऐन्याच्या शाळेत प्राथमिक वयोगटाच्या शिक्षणाचा जो प्रयोग ग्राममंगलने केला, तो विकासवाडीचे पुढचे पाऊल म्हणून पाहायला हवा. संघाच्या परिवारातून निघून स्वतंत्र वाढलेली ही फांदी. १९८४ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या काळात कायद्याने बराच रस्ता कापला, पण वळसा घेत. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि सहाच्या आतली मुले मात्र राज्याने ‘प्रयत्न करावा’ अशा कलमात राहिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही सहापासूनच. म्हणजे हक्क पहिलीच्या दारात सुरू होतो, आणि त्याआधीची तीन वर्षे सोयीची, ऐपतीची किंवा नशिबाची. ज्यांची ऐपत आहे ते आपल्या मुलांना ज्युनिअर केजी, सीनिअर केजीला घालतात. तिथेही बहुतेक ठिकाणी भिंत पडत नाही. पहिलीच तीन वर्षे अलीकडे सरकते. चार वर्षांच्या मुलाला चौकटीत आकडे गिरवायला लावणारी शाळा आणि गिजुभाईंचे बालमंदिर यांत नाते शोधणे कठीण आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला : बालवाडीची किंवा अंगणवाडीची तीन वर्षे, आणि त्याला जोडून पहिली-दुसरी. २०२२ च्या ऑक्टोबरात या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात खेळ आहे, गोष्ट आहे, घरची भाषा आहे, परिसरातले साहित्य आहे. मसुदा करणाऱ्यांनी कोसबाड कितपत वाचले होते यावर वाद घालण्यात अर्थ नाही. विचार तोच आहे. आता जो प्रश्न उरतो तो कोसबाडने कधीच सोपा मानला नव्हता : अंगणवाडीताई आणि पहिलीच्या बाई महिन्यातून एकदा तरी एकत्र बसणार का, एकीने ओळखलेले मूल दुसरीकडे जाताना त्याची ओळखही बरोबर जाणार का. अंगणवाडी शाळेच्याच आवारात असेल तिथे हे सोपे, नसेल तिथे कोणीतरी चालत जायचे.

आता थोडे या स्मरणिकेच्या कामाचे. ताराबाई आणि अनुताईंवर लिहिलेले पुष्कळ मिळते. बालवाडीची गाणी आणि खेळही छापून आलेले आहेत. आम्हाला शोध आहे तो विकासवाडीतल्या पहिली-दुसरीच्या रोजच्या कामाच्या नोंदींचा : शिक्षकांची टाचणे, मुलांच्या वह्या, वर्गात तयार झालेले वाचनपाठ, बालसेविकांनी प्रशिक्षणात लिहिलेल्या निरीक्षणवह्या. ‘शिक्षणपत्रिके’चे १९३३ पासूनचे मराठी अंकही हवे आहेत, फाटलेले असले तरी चालतील. ज्यांच्या आई, आजी किंवा आत्या दादरला, बोर्डीला किंवा कोसबाडला शिकल्या वा शिकवत होत्या, त्यांनी घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहावी आणि जे सापडेल त्याची छायाप्रत संपादक मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद तुमच्याकडेच राहतील.